राखण

ब्रनो शहरात टेकडीवरच्या चर्चची घंटा
बाराचे ठोके अकरालाच देते.
कुठल्याशा वेढ्यातली जुनी लबाडी म्हणे,
कुणी दुरुस्त केली नाही.
त्या ठोक्यांवर राद्का व्हिमाझालोवा कॉफी ठेवते
आणि चौदा वर्षांपूर्वीची फाइल उघडते.

फाइलमध्ये एक कुत्रा आहे.
दिसत नाही, भुंकतही नाही.
यंत्र एकच, त्याच्या पोटात चाळीस यंत्रं,
प्रत्येकाला वाटतं, जग आपल्याएवढंच.
कुत्रा दाराशी बसून पळं मोजतो.
दर तीस सेकंदांनी कुणीतरी येऊन
भाकरतुकडा टाकायचा,
म्हणजे आत जाग आहे.
घटका भरली आणि कुणी आलं नाही
की तो धन्याचाच गळा धरतो,
चाळीसही जगं एका दमात विझवून
पहिल्यापासून पेटवतो.
यालाच इमान म्हणायचं.

काम तसं साधं होतं.
एकच कोड तीन ठिकाणी, तीन हातांनी लिहिलेला;
त्यातला तिसरा अशा प्रोसेसरसाठी
जो आता कुणी बनवतही नाही.
तिन्हींचं एक करायचं.
बाहेरून काडीचा फरक दिसता कामा नये,
घर आवरलंय हे पाहुण्याला कळू नये तसं.

तिसऱ्या दिवशी एक ओळ लागली, डोक्यावर शेरा:
"इथे दोन टिक थांबा. का ते मला माहीत नाही.
न थांबल्यास ओस्त्रावाचं यंत्र उठत नाही. – ल्यु. को."

ओस्त्रावाचं यंत्र भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.
तिने ओळ काढली. चाचणीचं यंत्र उठलं.
ओळ परत ठेवली. उठलं.
मग, का कोण जाणे,
तिने आतलं काम मुद्दाम अडकवलं:
या कुलपाची किल्ली त्या कुलपात,
त्याची यात.
चाळीस जगं थिजली.

कुत्रा गप्प.
तीस सेकंद. साठ.
खाली बारा नंबरची ट्राम आली, गेली.
पोट भरलेला कुत्रा, गप्प.

भाकर टाकणारा हात घरातला नव्हताच.
तो टायमरचा,
बाहेरच्या बाहेर येणारा, आत न डोकावणारा.
गोष्ट ऐकता ऐकता झोपलेलं पोर
हूं हूं म्हणत राहतं ना,
तसं हे घर चौदा वर्षं.

ल्युबोर कोझाक निवृत्त होऊन लोम्नित्से गावी राहतो. एकटाच.
तिने फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत
"सगळं ठीक," तो म्हणाला,
तिने काही विचारलंही नव्हतं.
ते दोन टिक?
"आठवत नाही. ठेव. नाहीतर काढ."
गुडघा? "ठीक."
थंडी? "ठीक."
उत्तरं वेळच्या वेळी पडत होती,
एक पळ इकडे नाही की तिकडे नाही.

राद्का थांबली.
मग म्हणाली, "आज काय शिजवलंत?"

पलीकडे नळ ठिबकत होता.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"मंगळवारपासून..." तो म्हणाला,
आणि वाक्य तिथेच राहिलं.

दुपारी तिने भाकर आत नेली:
चाळीसही खोल्यांत फिरून आलेल्यानेच ती टाकायची,
दुसऱ्या कुणी नाही.
कोडसोबत जोडायच्या टिपेत
"वर्तनात बदल नाही" असं सवयीने लिहिलं होतं,
ते खोडलं.
दोन टिक मात्र राहू दिले. शेराही.

सव्वासहाच्या बसमध्ये तिच्या मांडीवर
मसुराच्या सूपचं पातेलं होतं.
झाकण नीट बसत नव्हतं.
अख्खा रस्ता
हाताने धरून बसावं लागलं.