दरडीच्या अलीकडे

तंबू उसना. त्यातली एक दांडी कमी.
सेल्मिरानं तिथं झाडूचा दांडा खोचला,
म्हणाली, पाच रात्रींचा तर प्रश्न आहे.
पावसानं ते ऐकलं.

केउलातची हिमनदी कड्यावरून लोंबते म्हणतात.
आम्ही दोघी बहिणी तीन तास चढलो:
मुळांच्या पायऱ्या, घोट्याला धरून ठेवणारा चिखल,
नाल्काची पानं, छत्रीहून मोठी आणि छत्रीहून गळकी.
चुकाओ पक्षी उजवीकडे ओरडला तर शुभ,
डावीकडे ओरडला तर घरी परत जावं.
हा बरोब्बर पाठीमागे ओरडला.
त्याचं काय करायचं, आई सांगायची राहून गेली.

वर फळीवर बाण: हिमनदी.
बाणाच्या टोकाशी ढग.
अर्धा तास उभ्या राहिलो, नाकांवरून पाणी ठिबकत.
मग ढगाच्या आत काहीतरी कोसळलं,
शेजारच्या घरात कुणी जड कपाट सरकवावं तसं.
‘ऐकली ना? झालं तर मग,’ सेल्मिरा म्हणाली,
आणि काट मारायला खिशातून यादी काढली,
तर यादीचा लगदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ताच संपला.
दरड. आडवी, लाल, झाडांसकट.
आमच्यापुढे सरपणाचा ट्रक, मेंढ्यांची गाडी,
सायकलवरचे दोन ओले परदेशी,
आणि एक पिकअप, मागे दोन हंडे
गोधडीत गुंडाळून दोरखंडानं बांधलेले,
दवाखान्यात नेतात तसे.

‘संध्याकाळपर्यंत,’ झेंडीवाला पोरगा म्हणाला.
‘नाहीतर उद्या.’
पिकअपमधली बाई उतरली.
तिनं घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, हंडे पाहिले.
मग दोरखंड सोडायला लागली.
‘ज्याच्याकडे जे भांडं असेल ते आणा.’

आम्ही मग नेले. सायकलवाल्यांनी तव्याची झाकणं.
सरपणवाल्यानं तेलाचा डबा कापून वाडगा केला.
कासुएला: भोपळ्याची फोड, अख्खा बटाटा,
कणसाचा तुकडा, हाडापासून सुटत आलेलं मटण,
वर कोथिंबीर, आणि त्यावर लगेच पाऊस.
दोन दिवस ओली बिस्किटं खाल्लेल्या तोंडाला
ते इतकं गरम लागलं की डोळ्यांत पाणी आलं,
म्हणजे, मटणामुळेच.

तिसऱ्यांदा मग पुढे करताना मी विचारलं,
‘कसला सण आहे, बाई?’
डाव थांबला नाही.
‘भावाचं आहे,’ ओदिलियाबाई म्हणाल्या.
‘सकाळी ठेवला असेल त्याला मातीत.
जेवणारी माणसं पलीकडे, जेवण अलीकडे.
एकतीस वर्षं याच रस्त्यावर यंत्र चालवलं त्यानं.
दरड आली की दोन तासांत मोकळं.
नव्या पोरांना वेळ लागतो.’

झेंडीवाला पोरगा तोंडात बटाटा धरून तसाच राहिला.

सरपणवाल्यानं टोपी काढली.
‘ओनोफ्रे? पिवळ्या यंत्रावरचा?
ऐन हिवाळ्यात माझा ट्रक खड्ड्यातून काढलान.
पैसे घेतले नाहीत.’
मग थोडं थांबून, खरं तेच सांगावं म्हणून:
‘दोन सिगारेटी घेतल्या.’
‘घेणारच,’ ओदिलियाबाई म्हणाल्या,
आणि त्याच्या डब्यात अजून एक हाडूक वाढलं.

मग मेंढीवाल्याला काही आठवलं, मग बसच्या चालकाला.
परदेश्यांना भाषा येत नव्हती,
पण सगळे हसले तेव्हा तेही हसले,
सगळे गप्प झाले तेव्हा तेही.
सेल्मिरानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.
रिकामे हंडे बाईंनी तसेच उघडे ठेवले,
पाऊस तळाशी वाजत राहिला.

रस्ता त्या दिवशी उघडला नाही.
तंबू तिथंच लावला, रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या आडोशाला.
झाडूचा दांडा रात्रभर करकरत होता.
पहाटे दरडीकडून आवाज आला,
कुणीतरी जड कपाट सरकवत असल्यासारखा.
सेल्मिरा अंधारात उठून बसली.
‘आला वाटतं,’ म्हणाली.
कोण, ते मी विचारलं नाही.