झाकणभर

चाळीस वर्षं मी कंपाउंडर होतो
शनिपाराजवळच्या एका दवाखान्यात.
मिक्श्चरच्या बाटलीवर खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचो,
एक खाच सकाळी, एक रात्री.
जास्त नाही हं बाई, औषध आहे, सरबत नव्हे.

आणि परवा बावधनला, मुलाच्या बाल्कनीत,
गुलाबावर मावा दिसला तर
मीच ओतलं, अंदाजपंचे.
लेबलावर होतं: लिटरला दोन मिली.
बारीक अक्षर. चष्मा आत राहिलेला.
आभाळही भरत होतं,
म्हटलं, उरकून टाकू.
पंप विसळला, पाणी मोरीत सोडलं.

तासाभरात सर आली.
पानं लख्ख. मावा जिथल्या तिथं.

खाली पाइपाच्या तोंडाशी भागूजी माळी उभा,
मुळशीकडचा, कमी बोलणारा.
वर बघून म्हणाला,
"काका, ह्ये पाणी कुठं जातं, म्हाईत हाय?"

गटारात, मी म्हणालो.
गटारात म्हणजे माझ्या लेखी कुठेच नाही.

त्यानं छत्री पुढे केली. चला.
पाइप, लोखंडी जाळी, कुंपणाची भिंत,
भिंतीला भोक, भोकापलीकडे ओढा,
केटररच्या शेडमागून वळसा घेऊन
ओढा थेट राम नदीत.
सातशे बारा पावलं. मोजायची सवय जात नाही.

पुलाखाली पिशव्या, फुटक्या फ्रेमा, एक भिजलेली गादी.
मी म्हणणारच होतो,
एवढ्यात माझं झाकणभर ते काय
तोच भागूजीनं काठाचा एक दगड उचलला.
खाली खेकडा. सुपारीएवढा.
नांग्या रोखून उभा,
सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.

दगड त्यानं होता तसा ठेवला,
अगदी हलक्या हातानं.

आता मावा आला की आधी ओलं फडकं,
पानाच्या पाठीवरून, एकेक.
वेळ जातो. वेळच तर आहे.
नाहीच हटला तर चष्मा, सिरिंज,
ढगांकडे एक नजर,
लागेल तेवढंच कालवायचं,
आणि विसळवणीही त्याच गुलाबांवर.

बाटलीला काल पट्टी लावली, खाचा पाडून.
हात अजून थरथरत नाही.
सून म्हणाली, "बाबा, हे कुणाचं औषध?"

पेशंटचं नाव लिहायची जागा
कोरीच आहे अजून.
गुलाब लिहावं,
की खेकडा.