निसवण

सात अंश.
सूस रोडचा दूधवाला म्हणाला, बोटं किटलीला चिकटत होती.
वाढवून सांगतो तो. पण सात होतेच.

मला रात्रीच कळलं होतं.
पाषाणचा गारठा टेकडीवरून उतरतो,
चपला हातात घेतलेल्या माणसासारखा,
आणि आधी आमच्याच कुंपणाशी येऊन बसतो.

केळ फैजपूरची. मीही तिथलीच.
सहा वर्षांपूर्वी ओल्या गोणपाटात
मुनवा मांडीवर घेऊन रातराणीने आले,
तेव्हा कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं होतं, गमतीने.

तिकडे अशा रात्री वडील बागेला विहिरीचं पाणी सोडायचे,
कोमट असतं ते.
पहाटे बांधावर ओला पाला पेटवायचे.
जाळ नको, धूर हवा, म्हणायचे.
इथे धूर केला तर वरच्या दामल्यांना दमा.

म्हणून मी झाकते.
खोडाला पेंढा, त्यावर गोणपाट,
आणि सगळ्यांवरून एक फ्लेक्स:
कुणा माजी नगरसेवकाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
हात जोडून उभा असतो बिचारा रात्रभर.
इतका वेळ आमच्या गल्लीत
तो निवडणुकीतही थांबला नव्हता.

यंदा तरी चुकलंच काहीतरी.
नवा पोगा येईना.
पानं एकाच जागी, मिटल्या पंख्यासारखी गोळा झाली.
घड पोटात होता, आणि गळ्याशी अडकला होता.
अशा केळीपुढे वडील बोलत नसत.
नुसता हात फिरवत.

मीही फिरवला.
मुळाशी राख, बादलीभर कोमट पाणी.
साडेदहाला ऊन आलं की नगरसेवकाची घडी घालायची,
पाचला परत नेसवायचा.

"झांबरेबाई," दामले गॅलरीतून,
"मंडईत पन्नास रुपये डझन मिळतात की!"
मिळतात.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी
तिने खोड कुशीला फाडलं
आणि तिथूनच निसवली.
केळफूल आडवं, वाकडं, मुठीएवढं,
वाट नव्हतीच तिथून.
मी बघत राहिले. दूध उतू गेलं.

तीनच फण्या धरल्यात. त्याही एका अंगाला,
सगळी केळ तिकडेच झुकलीय.

संध्याकाळी दामले खाली आले,
मफलर नाकापर्यंत,
हातात पडद्याचा जुना दांडा.
"टेकू लागेल ना?" म्हणाले,
आणि कुठे लावायचा ते कळेना, म्हणून
तसाच धरून उभे राहिले.