कस

वाशीला, बँकेच्या वरच्या मजल्यावर
मी दिवसभर सोन्यावर क्ष-किरण सोडते.
मंगळसूत्रं, तोडे, कुणाच्या नातवाची वाळी.
मशीन अर्ध्या मिनिटात आकडा सांगतं, मी लिहिते.
माझं मत कुणी विचारत नाही.

हसुराम घरत महिन्याआड यायचे.
चष्म्याच्या घरात कापूस, कापसात नाणी.
पहिलं आणलं ते हरभऱ्याच्या डाळीएवढं,
आठ कोनांचं, अर्ध्या डॉलरचं.
चिमट्यात धरताना मी श्वास रोखला.
शिंकले असते तर गेलं असतं
फरशीच्या फटीत पावणेदोनशे वर्षांचं काहीतरी.

"कॅलिफोर्निया," ते म्हणाले, खाडीपल्याडचं गाव असल्यासारखं.
"सरकारची टाकसाल नव्हती तवा. नदीतनं सोना निघायचा
आनि सोनारच नानी पारायचे."
रुमालाने मान पुसली.
"नदी वलवली त्यांनी, बाय. डोंगर फोरला.
गावं बसली, मंग उठली."

मी काही बोलले नाही.
त्यांचं घर आता धावपट्टीच्या कुठल्याशा टोकाखाली आहे.
मोबदला आला तेव्हा एका भावाने गाडी घेतली,
दुसऱ्याने शर्यतीचा बैल.
यांनी ही.
सून म्हणते, गळ्यात घालता येत नाही ते सोनं कसलं?

शिक्षण सातवी. लिलावाची कॅटलॉगं
ओळीखाली बोट धरून वाचतात.
मला मशीन शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं
ते त्यांनी सांगितलं:
तिकडच्या खऱ्या नाण्यात चांदी सापडते,
कारण ती डोंगराने मिसळलेली असते.
तांबं माणूस मिसळतो.

एकदा मी म्हटलं, कस म्हणजे आमच्याकडे फक्त टक्के.
हसले.
"आमच्याकरं कस म्हंजे बांध.
खाडीचा पानी एकदा आत शिरला
का तीन वरसं भात नाय."

मग मार्चमध्ये ते दहा डॉलरचं घेऊन आले.
१८४९. साडेआठ लाख मोजलेले, भुलेश्वरच्या कुणा दलालाला.
बसले नाहीत. काउंटरला पोट टेकून उभे.
सोनं एक्क्याण्णव पूर्णांक सहा.
चांदी नावाला. बाकी तांबं.
मी पुन्हा लावलं. पालथं करून लावलं.
एसीचा आवाज फार झाला होता.

"चांगला का वाईट?"
काय सांगणार?
खरं असतं तर अठ्ठ्याऐंशी भरलं असतं.
खोट्यात सोनं जास्त निघालं होतं.
"बावीस कॅरेट आहे, काका. दागिन्यांचं.
इथलंच कुणीतरी वितळवून पाडलंय."

आता बसले.
पाण्याचा ग्लास दिला, तो हातातच राहिला.
मला वाटलं दलालाला शिव्या देतील,
पोलीस, वकील, काहीतरी.
बऱ्याच वेळाने विचारलं,
"कुनाच्या पाटल्या असतील गो यात?"

मला आठवलं, जमिनीचे चेक निघाले त्या वर्षी
गावोगाव लग्नं झाली, मांडव रस्त्यापर्यंत.
आणि नंतरच्या दोन वर्षांत याच काउंटरवर
किती मोड आली, पिशव्यांतून,
लाखेसकट, कुणाच्या केसासकट.
मी आकडे लिहिले होते.

"परत करा त्याला," मी म्हटलं.
"नको. र्‍हाऊ दे."
कापसात जागा केली, डाळीएवढ्या सातांच्या मधोमध
ते ठेवलं, झाकण लागेना, तर रबर लावलं.

त्यांची एक वही आहे, पाठकोरी, सुतळीने शिवलेली.
त्यात रकाने: सन, वजन, गाव.
सन त्यांनी खोडला.
वजन मला विचारून घातलं.
गावाच्या रकान्यात पेन टेकून राहिलं, शाई फुटली थोडी,
आणि मग त्यांनी लिहिलं ते नाव,
जे आता कुठल्याच पाटीवर नाही,
सर्व्हे नंबरासकट.

मी पावती फाडली.
सुटे नव्हते माझ्याकडे.
"पुढच्या टायमाला," म्हणाले,
आणि जिना एका हाताने धरत उतरले,
दुसरा हात खिशावर.