तिवई

पिनाकीनभाईंनी तिन्ही ओळीनं उभे केले
आणि म्हणाले, चौबळबेन, हात लावून बघा, उतावळ नथी.

रावपुऱ्यातलं दुकान. जानेवारी. शटर नुकतंच उघडलेलं.
पहिला ॲल्युमिनियमचा,
रात्रभर बाहेर राहिलेल्या कळशीसारखा गार.
टिचकी मारली: टण्ण.
दुसऱ्याला मारली: ठक.
हे लाकूड नाही, धातूही नाही.
कुणी काळी चटई विणावी, तिची सुरळी करावी,
वरून राळ ओतावी, तसं काहीतरी.
चष्मा वर करून पाहिलं तर वीण दिसते,
उभा धागा, आडवा धागा.
बोटाला मात्र लागत नाही.

वजन सव्वा किलो.
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी काठी लिहून दिली होती
मागच्या दिवाळीत.
ती छत्र्यांच्या मागे उभी आहे, अजून प्लास्टिकमध्ये.
काठी टेकत पुलावर जाणार नाही म्हणाले होते,
आणि इथे एकदम तीन घ्यायला आले.

तीन तिघाडा काम बिघाडा.
तिघं निघालो की आई कुणाच्या तरी खिशात
सुपारी टाकायची, चौथी म्हणून.
पण बँकेतलं माझं टेबल चार पायांचं होतं
आणि एकतीस वर्षं डुगडुगलं,
चलनांची घडी पायाखाली घेऊन.
तीन पाय डुगडुगत नाहीत. जमीन कशीही असो,
तिन्ही टेकतात.
भूमितीच्या बाई हे सांगून गेल्या होत्या.
मला ऐकू आलं साठाव्या वर्षी, रावपुऱ्यात.

चार टप्प्यांचा घ्या, पिनाकीनभाई म्हणाले,
मिटला की पिशवीत मावतो.
मी पूर्ण उघडला. शेवटची नळी करंगळीएवढी.
वरून तळहातानं दाबलं, तर ती किंचित
लाजल्यासारखी झाली.
बारा किलो पेलतो, खोक्यावर छापलंय.
छापणाऱ्याचं काय जातं?
मधला दांडा वर ओढला तर सगळाच डोलायला लागला,
मान फार उंच केलेल्या माणसासारखा.
तीन टप्प्यांचा द्या. पिशवीबाहेर राहू दे.

मग ते वाकले आणि पोटाखालचा आकडा दाखवला.
हलका आहे ना, वाऱ्यात हलेल.
इथे काहीतरी जड अडकवायचं.
म्हणजे हलकेपणाचे पैसे मोजायचे
आणि वर ओझं आपलंच?
ते हसले. बिल करू?

आज पहाटे खंडेराव मार्केटमधून दोन किलो कांदे घेतले.
नाहीतरी संपले होते.
रिक्षानं काळाघोड्याच्या पुलापर्यंत,
पुढे पायी, खांद्यावर तिवई,
हातात पिशवी, तोंडानं वाफ.
खाली विश्वामित्री, चहा उरलेल्या बशीसारखी,
आणि चिखलात ती.
पहिल्यांदा ओंडका वाटते. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा पाहिलं की ओंडक्याला डोळा असतो.

पाय उघडले. नळ्या पिळून घट्ट केल्या.
आकड्याला कांदे लावले.
दहा सेकंद. बटण दाबलं आणि मोजायला लागले.
पाण्यावरचं धुकं सरकतं आहे,
एक बगळा कंटाळून उठला आहे,
मगर नाही.
मी श्वास धरला होता, उगाचच.
तिवईला माझ्या श्वासाशी घेणं नव्हतं.

मागे स्कूटर थांबली.
पूल शहारला, तो मला तळव्यांतून कळला,
कांद्यांची पिशवी हळूच अर्धी वळली.
बेन, डुंगळी केटलानी?
सात, मी म्हणाले.
सात? किलोना?
आठ.

त्यानं स्टँड लावला आणि उतरला.
फोटोत मगरीला दोन शेपट्या आल्या आहेत.
ती मात्र अजून तिथेच, चिखलात,
तिला कुणी भाव विचारत नाही.
त्याला अर्धा किलो दिले, पिशवी पुन्हा अडकवली,
जरा हलकी झाली होती, म्हणून चपला काढून
त्याही तिच्यात घातल्या.
पुलाचा दगड पायांना गार.
एक.
दोन.