मानशीचं दार

फोंड्यात, टायरच्या दुकानावर,
माझी दोन खुर्च्यांची खोली आहे.
खाली रबर तापतं, पान्हे आपटतात.
माणसं जिना चढून येतात
आणि आधी त्या वासाबद्दल बोलतात.
बोलू देते.

फॉर्मवर लिहितात 'डिप्रेशन', बिनचूक स्पेलिंगसकट.
मग तोंडानं सांगतात,
"काळजांत कितें तरी बुडलां, बाय, वयर येना."
मी हे दुसरं वाक्य टिपून घेते.

मी दुर्भाटची. शाणू मानशेकाराची मुलगी.
नदीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून
खाजनाच्या बांधात एक लाकडी दार असतं,
त्याला आमच्याकडे मानस म्हणतात.
पुण्यात कॉलेजच्या पाटीवर 'मानसोपचार' वाचलं
तेव्हा मला दाराची डागडुजीच आठवली:
काथ्या, चिखल, फटीत ठोकलेली पाचर
आणि कमरेभर पाण्यात उभे बाबा.
वर्गात हे कुणाला सांगितलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना एका अवसेला बांध फुटला.
बाबा त्या रात्री तापानं फणफणले होते.
गाव म्हणालं, दारू.
दोन्ही खरं असेल.
सकाळी कोरगुटाच्या लोंब्यांमधून मासे फिरत होते.

त्यानंतर तीन वर्षं बाबा जवळजवळ बोलले नाहीत.
आई ताट वाढायची, ताट उचलायची.
देवळात प्रसाद लावून झाला, दृष्ट काढून झाली.
"काय झालं?" असं कुणी विचारलं नाही,
कारण काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं.

मी विचारलं असतं तर...
हे वाक्य मी शिकाऊ असताना
माझ्या बाईंच्या खुर्चीसमोर बसून
अकरा महिने पुरं केलं नाही.
बाईंनीही पुरं करून दिलं नाही.

मिंगेल तारवटी. सहा महिने जहाजावर, सहा महिने घरी,
दोन्हीकडे झोप नाही.
पाचव्या भेटीत मलाच घाई झाली.
त्याच्या भावाबद्दल विचारलं, सरळ, नाव घेऊन.
त्यानं घड्याळ पाहिलं, पैसे टेबलावर मोजून ठेवले
आणि चार महिने आला नाही.

त्या रविवारी घरी गेले, बाबांना म्हटलं,
एक दार ओढलं मी. मोडलं बहुतेक.
बाबा सुपारी कातरत होते.
"भरती होती?"
असावी.
"मग ओढलंस कशाला?
भरतीला दार माणूस धरत नाही, पाणी धरतं.
पाणी उतरलं की बोटानं उघडतं."
आणि अडकित्ता मिटला.

पदवीचा कागद मी काचेत घालून भिंतीवर लावला आहे.
हे कुठे लावू?

मिंगेल ऑगस्टात परत आला, ओली छत्री घेऊन.
टायरच्या वासाबद्दल बोलला,
मग कुत्र्याच्या कानाला झालेल्या जखमेबद्दल, फार वेळ.
निघताना म्हणाला, किती दिवस लागतील?

आकडा मी देत नाही.
त्याला खाजनाचं सांगितलं:
खारं पाणी शिरलेल्या शेतात लगेच पेरत नाहीत.
गोडं पाणी साठू देतात, ओहोटीला सोडून देतात,
पुन्हा साठवतात, पुन्हा सोडतात.
मधूनमधून कुणीतरी माती जिभेवर ठेवून बघतं.

"कोण बघतं?"
आपण दोघं.

तो हसला वगैरे नाही.
छत्री मात्र जिन्यात विसरून गेला,
तिच्यासाठी तरी गुरुवारी यायला हवं.

बाबा अजून विचारतात,
त्या खोलीत तू नेमकं करतेस काय?
बसते, म्हणते मी.
"आणि बसण्याचे पैसे घेतेस?"
घेते.
"किती?"
आकडा सांगते.
ते अडकित्ता उघडतात, मिटतात.
बाहेर कुणाची तरी होडी किनाऱ्याला घासत येते.
"दिले असते," म्हणतात.