फळ्या बदलताना

चिलोएच्या या बेटावर फादर येतात
तीन महिन्यांतून एकदा, लाँचने,
तेही वारा पडला असेल तर.
उरलेले दिवस देऊळ माझ्याकडे.
म्हणजे किल्ली माझ्याकडे,
घंटेचा दोर, समईची वात,
आणि वात कुरतडणारे उंदीर.

पहाटे चूल पेटवते, तेव्हाच
धुराने चुरचुरणारे डोळे पुसत क्रुसाची खूण करते:
कपाळ, छाती, डावा खांदा,
उजव्यापर्यंत पोचेस्तो किटली उतू जाते.
म्हणते, प्रभू, आजचा दिवस तुझा.
आणि बाराची घंटा वाजवायला जाते
तोवर तो मी परत घेतलेला असतो.

पापनिवेदनाला तेच गुडघे, तेच पाप:
माझी शेजारीण, इरेनिया बारिया.
सात वर्षांपूर्वी तिची डुकरीण
माझ्या बटाट्यांत शिरली,
निळ्या सालीचे, सासूने ओच्यातून दिलेले बियाणे,
एक सरी ठेवली नाही.
इरेनिया म्हणाली, कुंपण तुझं मोडकं.

मोडकंच होतं.
म्हणून तर राग जात नाही.

फादर क्षमा देतात, लाँच सुटते,
धक्क्यावरून घराच्या चढापर्यंत
मन कसं धुतल्या ताटासारखं;
मग तिचं धुराडं दिसतं
आणि ये रे माझ्या मागल्या.

यंदा नवे फादर आले, कोवळे,
बोटीने पोट ढवळलेले.
विचारलं, असं किती वेळा होतं?
म्हटलं, भरती किती वेळा येते, फादर?
ते हसले नाहीत. म्हणाले,
मग ओहोटीच्या वेळी काय करता?

ओहोटीच्या वेळी
आम्ही दोघी शिंपल्या वेचतो.
एकाच किनाऱ्यावर, पाठीला पाठ लावून.

माझा नवरा रोसामेल शिडीवर असतो.
देवळाच्या दक्षिण भिंतीवर पाऊस आडवा येतो,
तिथल्या फळ्या कुजतात, माशाच्या खवल्यांसारख्या सुटतात.
पलीकडून आलेले पाहुणे फोटो काढतात,
म्हणतात, केवढं जुनं देऊळ!
मला ठाऊक आहे, त्या भिंतीतली एकही फळी
माझ्या थोरल्या लेकाहून वयाने मोठी नाही.
सगळ्या एकदम बदलायला घेतल्या असत्या
तर भिंतच आली असती अंगावर.
वर्षाला आठ, फार तर दहा,
जिथून गळतं तिथली.
रविवारच्या प्रार्थनेला कुणाच्या ध्यानातही येत नाही.
कुजकी फळी मी चुलीत घालते;
ओली असते, फुसफुसते, पण जळते.

तर त्या दिवशी, अमावास्येची मोठी ओहोटी.
खिशात जपमाळ, हातात आकडी,
एक शिंपली, एक नमो मरिया,
मधूनच एक हिशेब: तिची टोपली भरली का माझी?
(हेही सांगायला हवं फादरांना.)
इरेनिया कंबर धरून उभी राहिली.
पाणी वळलं होतं.
मी तिची टोपली उचलली,
खडकापर्यंत नेऊन ठेवली.
माझ्या हातांनी केलं ते. मी अजून विचारच करत होते.

ती म्हणाली, आभार वगैरे काही नाही,
तुझं कुंपण अजून तसंच आहे.

जिभेवर काय काय आलं!
डुकरीण आली, तिची आईसुद्धा आली.
खारट होतं सगळं. गिळलं.
म्हटलं, हो.

एवढंच. हो.
सात वर्षं लागली दोन ओठ वेगळे करायला.

घरी येऊन पावाचं पीठ इतकं मळलं
की रोसामेल म्हणाला, त्याने काय केलंय तुझं?
राग होताच. आहेच.
फक्त त्यात एक जागा अशी झाली आहे
जिथून वारा येत नाही.

सांजेला देवळात गेले.
मरियेपुढचा दिवा लावला.
कुठल्या वेदना, कुठली कृपा,
मोठं काही सुचलं नाही.
म्हटलं, एक बसली, आई,
आता पुढची कुठे गळतेय ते दाखव.

उंदराने पुन्हा वात कुरतडली होती.
त्यालाही शिव्या दिल्या नाहीत.
म्हणजे, मोठ्याने नाही दिल्या.